पाऊस आणि भरती एका वेळी आली तर: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांची आणि घरांची तयारी

वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर इथली बरीच जमीन मुळात खाजण, मिठागरं आणि खारबांधाआडची भातशेती होती. भरणी करून तिच्यावर सेक्टर उभे राहिले. काही भागांची पातळी मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे हे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला ठाऊक होतं, म्हणून शहर आखतानाच धारण तलाव बांधले गेले. पारसिकच्या डोंगरावरचं पाणी नाल्यांतून तलावात येतं आणि तिथून उघाडीतून, म्हणजे झडप लावलेल्या तोंडातून, खाडीत जातं. उघाडीची झडप खाडीच्याच बाजूला उघडते. ओहोटीला तलावातल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते, भरतीला खाडीच्या रेट्याने मिटते. झडप मिटलेली असताना पडलेलं सगळं पाणी तलावातच मावलं पाहिजे. तलाव गाळाने भरला असेल किंवा झडपेत प्लास्टिक, गोणपाट अडकून ती नीट मिटत नसेल, तर पाणी सेक्टरमध्ये येतं. दुसऱ्या प्रकारात तर खाडीच आत शिरते. कित्येक तलावांत आता कांदळवन वाढलं आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण असल्याने गाळ काढायलाही परवानग्यांची वाट पाहावी लागते.

ठाण्यात धारण तलावांची अशी रचना नाही, पण गणित तेच. येऊरच्या उतारावरचे नाले शहरातून खाडीकडे जातात, आणि खाडी भरलेली असली की वंदना टॉकीजचा परिसर, कोपरी, कळवा, दिवा इथे पाणी तुंबतं.

म्हणून इथे 'किती मिलिमीटर पाऊस पडणार' एवढंच विचारून भागत नाही. तो कोणत्या तासात पडणार आणि तेव्हा खाडी कुठे असेल, हे महत्त्वाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला आणि नेमकी दुपारी चारच्या सुमारास साडेचार मीटरच्या जवळपासची भरती होती. तयारी करायची ती या जुळून येणाऱ्या तासांसाठी.

भरतीचं घड्याळ

कोळीवाड्यात आजही तोंडावर असलेला हिशोब प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला यायला हवा: तिथीचा आकडा गुणिले तीन, भागिले चार. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावस्येला साधारण सव्वाअकरा ते बारा. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचं अंतर असतं आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. हा अंदाज तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. नेमकी वेळ आणि उंची हवी असेल तर मुंबई बंदराचं भरतीचं कोष्टक घ्या, आणि ठाणे खाडीच्या आतल्या टोकाला भरती त्या वेळेपेक्षा थोडी उशिरा येते हे लक्षात ठेवा. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी असतं.

मे महिन्यातच जून ते सप्टेंबरचे साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे सगळे दिवस एका कागदावर उतरवा. कागद लिफ्टशेजारी आणि वॉचमनच्या केबिनमध्ये लावा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट त्यांपैकी एखाद्या दिवशी आला की भरतीच्या आधीचे तीन तास आणि नंतरचे तीन तास हा तुमचा जोखमीचा काळ. खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिमीपासून 'मुसळधार', ११५.६ पासून 'अतिमुसळधार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत मुसळधार'. पण चोवीस तासांत विभागून पडलेल्या १५० मिमीपेक्षा भरतीच्या दोन तासांत पडलेले ८० मिमी आपल्याला जास्त नडतात. 'मौसम' आणि 'सचेत' ही दोन्ही अॅप कमिटीतल्या निदान तिघांच्या फोनवर हवीत.

आपली इमारत किती खोलात आहे

हे काम एका रविवारचं आहे आणि बाकी सगळी तयारी त्यावर उभी राहते. गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लास्टिकची लेव्हलची नळी घ्या, वीस मीटर पुरते. नळीत पाणी भरताना आत बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला तर दोन टोकांची पातळी दोन-तीन इंचांनी खोटी येते आणि बहुतेकांचं मोजमाप इथेच चुकतं. तपासणी सोपी आहे: दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी एका रेषेत दिसलं पाहिजे.

फाटकासमोरच्या रस्त्याच्या कडेच्या गटाराचं झाकण हा शून्य धरा. तिथून नळीने पातळी आणून पुढच्या जागा किती इंच वर आहेत ते मोजा: भूमिगत टाकीच्या झाकणाची कड, पंपरूमची फरशी, पंपाच्या मोटरचा तळ, लिफ्टच्या खड्ड्याची कड, मीटररूममधल्या सर्वांत खालच्या मीटरचा तळ, तळमजल्याच्या घरांचे उंबरठे, बेसमेंट असेल तर रॅम्पचा माथा. आकडे वहीत लिहा आणि फाटकाच्या खांबावर ऑइलपेंटने तीन रेषा काढा.

समजा टाकीचं झाकण शून्यापासून ९ इंच वर आहे, मोटर १४ इंच आणि सर्वांत खालचं मीटर ३० इंच. तर पिवळी रेष ४ इंचावर: इथे पाणी लागलं की गाड्या हलवायच्या, टाकीतून वरच्या टाकीत पाणी चढवून घ्यायचं, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करायची. नारिंगी रेष ८ इंचावर: पंपाची वीज बंद, टाकीचं झाकण सील, तळमजल्याची माणसं वर. लाल रेष २० इंचावर: इमारतीचा मेन स्विच बंद. मीटरला दहा इंच बाकी असतानाच वीज तोडायची, कारण पाणी चढायला लागलं की शेवटचे काही इंच फार भराभर जातात आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून मेन स्विचला कोणीही हात लावायचा नाही. वेळ निघून गेली असेल तर स्विच विसरा आणि १९१२ वर महावितरणला फीडर, म्हणजे भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद करायला सांगा. कळवा-मुंब्रा-शीळ भागात हे काम टोरंट पॉवरकडे आहे.

पाणी अडवायचं की येऊ द्यायचं

इथे बऱ्याच सोसायट्या पैसे वाया घालवतात. एक एकराच्या भूखंडावर तासात ५० मिमी पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होतं, म्हणजे दहा हजारी वीस टँकर. तीन एचपीचा डिवॉटरिंग पंप तासाला फार तर तीस-पन्नास हजार लिटर उपसतो. शिवाय तो उपसून टाकणार कुठे? रस्त्याच्या गटारात, आणि त्या गटाराचं तोंड भरतीने बंद आहे. पाणी गोल फिरून पुन्हा फाटकातून आत येतं. म्हणून पंप घ्या, पण तो लिफ्टचा खड्डा, पंपरूम आणि मीटररूम कोरडी ठेवण्यासाठी. त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि दर महिन्याला दहा मिनिटं चालवून पाहा. गाळणीत पाला अडकून पंप कोरडा फिरतो आणि सील जळतं, हे सर्वांत नेहमीचं दुखणं.

वाळूच्या गोण्यांचं गणितही आधी मांडा. दहा फुटी फाटकात एक फूट पाणी अडवायला साधारण ६० गोण्या लागतात. दोन फुटांसाठी ६० च्या दुप्पट पुरत नाहीत, जवळजवळ २०० लागतात, कारण तळाची रुंदी उंचीच्या दोन-तीन पट ठेवावी लागते. गोणी अर्धी ते दोन तृतीयांशच भरा. गच्च भरलेली गोणी शेजारच्या गोणीला चिकटून बसत नाही आणि फटींतून पाणी येतं. तोंड बांधू नका, दुमडून वरच्या गोणीखाली दाबा. विटांसारखे सांधे चुकवत रचा, प्रत्येक थर पायाने तुडवा, आणि पाण्याच्या बाजूला जाड प्लास्टिक अंथरून त्याची कड खालच्या थराखाली घ्या.

वारंवार पाणी येत असेल तर गोण्यांऐवजी पूरफळ्या कराव्यात. फाटकाच्या दोन्ही खांबांना लोखंडी सी-चॅनल, त्यात बसणारी १८ मिमी मरीन प्लायची फळी, खाली आणि कडेला रबराची पट्टी. दहा फुटी फळीला मधोमध आधार लागतोच: दोन फूट पाण्याचा तिच्यावर सुमारे ५६५ किलोचा रेटा येतो. आणि दोन फुटांच्या वर पाणी अडवायचा हट्ट नको. आपल्या कंपाउंड भिंती एका बाजूचा असा रेटा सोसण्यासाठी बांधलेल्या नसतात. भिंत एकदम आडवी झाली तर पलीकडे वॉचमनची केबिन असते, झोपडी असते, खेळणारी मुलं असतात. भिंतीच्या तळाशी पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजवलेली असतील तर ती मेमध्येच मोकळी करा.

पाणी फाटकातूनच येतं असंही नाही. तळमजल्यावर ते आधी न्हाणीच्या जाळीतून आणि संडासातून उलटं येतं. कायमचा उपाय म्हणजे शेवटच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. त्याच्या फ्लॅपवर केस आणि चिंध्या अडकतात, म्हणून पावसाळ्याआधी आणि ऑगस्टमध्ये तो उघडून साफ करायचा. तोवर तात्पुरतं म्हणून जाड प्लास्टिकच्या पिशवीत वाळू भरून ती भांड्यात आणि न्हाणीच्या तोंडावर दाबून ठेवावी.

माणसांची फळी

यंत्रं आणि गोण्या असूनही सोसायट्या फसतात त्या किल्ल्यांवर. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे, सेक्रेटरी बीकेसीत ऑफिसात, लोकल बंद. मीटररूमची किल्ली वायरमनकडे आणि तो दिव्याला घरी अडकलेला. मीटररूम, पंपरूम, गच्ची, जनरेटर आणि लिफ्ट मशिनरूम, या प्रत्येकाच्या तीन किल्ल्या करा. एक वॉचमनकडे काचेच्या पेटीत, दोन दिवसभर घरी असणाऱ्या दोन वेगळ्या घरांत. ही घरं बहुधा निवृत्त मंडळींची किंवा गृहिणींची असतात, आणि कमिटीत नाव नसलं तरी प्रत्यक्ष प्रसंगी इमारत त्यांच्याच हाती असते. वीज कुठे तोडायची, व्हॉल्व्ह कुठला फिरवायचा, हे शिकवायचं ते यांना. व्हॉल्व्हवर 'महापालिका', 'अग्निशमन', 'वरची टाकी' असं मराठी-हिंदीत रंगवून ठेवलं की अंधारातही गफलत होत नाही.

प्रत्येक मजल्यावर एक माणूस ठरवा. त्याच्याकडे आपल्या मजल्याची यादी, कागदावर: एकटे राहणारे आजी-आजोबा, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा डायलिसिसवर असणारे, गरोदर बाई, तान्हं मूल, दुपारी घरी एकटी असणारी शाळकरी मुलं. तळमजल्याचं प्रत्येक घर वरच्या कोणत्या घरी जाणार याची जोडी आधीच लावा. ऐन वेळी पाहुणे म्हणून जायला माणसं संकोचतात आणि पाण्यात बसून राहतात. वॉचमनचं कुटुंब, घरकामाच्या मावशी, दुकानातली पोरं यांचीही नावं त्या यादीत हवीत. गाड्या बंद पडल्या की मुंब्रा-दिव्याच्या बायकांना रुळांवरून चालत पाठवायचं नाही. त्या रात्रीसाठी सोसायटीचं ऑफिस किंवा क्लबहाउस, चार चादरी आणि पोटभर जेवण एवढं ठरवून ठेवा.

व्हॉट्सअॅपवर फक्त सूचनांचा वेगळा गट करा, लिहिण्याची मुभा तिघांना. नेहमीच्या गटात जुने व्हिडिओ फिरतात आणि कामाचा निरोप वाहून जातो. टॉवर बंद पडले तर शिट्टी: एक लांब म्हणजे गाड्या हलवा, तीन लांब म्हणजे तळमजला रिकामा करा.

सोसायटीच्या बाहेरचे लोकही मोजा. दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, चेंदणी या कोळीवाड्यांत खाडीचा वारा आणि पाणी ओळखणारी माणसं आहेत, होड्या आहेत, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत त्या बहुतेक किनाऱ्यालाच असतात. त्यांच्याशी ओळख पावसाळ्याआधीच करा, त्यांच्या लाइफजॅकेटसाठी आसपासच्या चार सोसायट्यांनी मिळून पैसे घाला. ज्यांना अंगमेहनत झेपते अशा दोन-तीन तरुणांना 'आपदा मित्र'चं, म्हणजे आपत्तीतल्या स्वयंसेवकांचं, सरकारी प्रशिक्षण मिळेल का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात विचारा. कक्षाचा क्रमांक १०७७.

एप्रिलमध्येच प्रभाग समिती किंवा विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या: आपल्या समोरच्या गटाराचा गाळ, तुटलेली मॅनहोलची झाकणं, आपलं पाणी जातं त्या तलावाच्या उघाडीची स्थिती. आवारातली गटारं मात्र सोसायटीची जबाबदारी. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्याच सरीत तो परत आत जातो. धोकादायक फांद्या उद्यान विभागाच्या परवानगीनेच छाटायच्या. आणि फ्लॅटच्या नूतनीकरणाचं डेब्रिज घेऊन जाणारा टेम्पो ते कुठे टाकतो हे विचारा. ते खाजणात पडलं तर ते तुमचंच पाणी अडवणार आहे.

घरातली तयारी

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचं. चौघांच्या घराला ४८ लिटर. पाण्याला 'आपल्याकडे कुठे कमी' म्हणू नका: वीज गेली की पंप बंद आणि घोडबंदरच्या विसाव्या मजल्यावर पुराचा थेंब न पोहोचताही नळ कोरडे पडतात. अशा टॉवरांनी जनरेटर अखंड चालवू नये. ६२.५ केव्हीएचं यंत्र भारानुसार तासाला दहा-तेरा लिटर डिझेल खातं. सकाळ-संध्याकाळ पंप आणि एक लिफ्ट, एवढ्यापुरतं ते चालवावं.

खाण्यात न शिजवता चालेल ते: सातूचं पीठ, चुरमुरे, भाजलेले शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर. रोजची औषधं सात दिवसांची, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसह. इन्शुलिन असेल तर माठाच्या ओल्या गारव्यात बंद डब्यात ठेवा, बर्फाला चिकटवून नको. बॅटरी, पॉवरबँक, सुटे पैसे, गमबूट, सॅनिटरी पॅड, तान्ह्या बाळाचे लंगोट. शेअर सर्टिफिकेट, करारनामा, इंडेक्स टू, विम्याचे कागद, आधार हे झिपच्या दुहेरी पिशवीत आणि माळ्यावर. घराच्या वस्तूंचा एक व्हिडिओ दरवर्षी मे महिन्यात काढून नातेवाइकाला पाठवा.

तळमजल्याच्या घरात फ्रीज दोन सिमेंट ब्लॉकवर चढवा, एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, आणि सिलिंडर साखळीने खिडकीच्या गजाला बांधा. तो पाण्यावर तरंगतो आणि रेग्युलेटरची नळी तुटते. पाइप गॅस असेल तर घरातला आणि जिन्यातला, दोन्ही व्हॉल्व्ह कुठे आहेत ते सगळ्यांना दाखवा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६.

वादळाची गोष्ट वेगळी. निसर्ग (३ जून २०२०) अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं, तौक्तेने (१७ मे २०२१) नुसतं समुद्रातून जाताना झाडं आणि पत्रे उडवले. इशारा आला की खिडकीच्या ग्रिलमधल्या कुंड्या आत, गच्चीवरच्या रिकाम्या टाक्या भरून जड करायच्या, सुटे पत्रे आणि डिश बांधायच्या किंवा उतरवायच्या. स्लायडिंग खिडकीच्या पन्हळीची पाणी जायची भोकं मोकळी करा. होर्डिंगखाली आडोशाला थांबायचं नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

पाणी चढत असताना

मॅनहोलचं झाकण पाणी जावं म्हणून उघडू नका. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा जीव उघड्या मॅनहोलमध्येच गेला. पाण्यातून जावंच लागलं तर हातात काठी, समोरची जमीन चाचपत, रस्त्याच्या मधून. बेसमेंटमध्ये गाडी काढायला उतरायचं नाही. रॅम्पवरून येणारं पाणी काही मिनिटांत दार उघडू देत नाही. गाडीत असताना पाणी दाराच्या तळाला लागलं की काच खाली करा आणि बाहेर पडा. २६ जुलैला कित्येक जण गाड्यांमध्येच अडकून दगावले. जनरेटर बंद जागेत किंवा इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये चालवू नका, त्याच्या धुरातल्या जीवघेण्या वायूला वास नसतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात नाल्याचं पाणी कारखान्यांच्या मागून येतं, तेव्हा पाण्यात उतरणाऱ्याने गमबूट घालायचेच आणि नंतर साबणाने पाय धुवायचे. मदतीला ११२, आग किंवा सुटकेला १०१, रुग्णवाहिकेला १०८.

पाणी ओसरल्यावर

वीज लगेच सुरू करू नका. वायरमनकडून मेगर (वायरच्या आवरणाची गळती मोजणारं यंत्र) लावून तळमजल्याचं वायरिंग तपासा. भिजलेली गाडी चावी फिरवून पाहू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर त्याचा दांडा वाकतो आणि 'इंजिन प्रोटेक्शन' नसेल तर विमा कंपनी ते नाकारते. टो करूनच न्या. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावू नका.

भूमिगत टाकीच्या झाकणावरून पाणी गेलं असेल तर आतलं पाणी कितीही स्वच्छ दिसो, ते गटाराचं समजा. महापालिकेचा इनलेट बंद करा, टाकी उपसा, सगळी झाकणं उघडून हवा खेळू द्या. आत उतरणारा माणूस दोरीने बांधलेला आणि वर दोघं उभे, याशिवाय कोणालाही उतरवायचं नाही. भिंती घासून गाळ काढा. मग टाकी भरा आणि दर दहा हजार लिटरला २५ टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर दोन किलो या हिशोबाने, बादलीत कालवून, वरची निवळी टाका. खालचा चोथा टाकू नका. हे पाणी वरच्या टाकीत चढवा, प्रत्येक घरातला नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. मग सगळं सोडून द्या, प्यायचं नाही. नव्या पाण्याला रोजची मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर. ओटी टेस्टमध्ये (पाण्यातलं क्लोरीन तपासायची चाचणी) शेवटच्या मजल्याच्या नळाला फिकट पिवळा रंग आला पाहिजे. उघडी पडलेली पावडर महिन्या-दोन महिन्यांत निकामी होते, म्हणून गेल्या वर्षीची पिशवी वापरू नका.

पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाने, विशेषतः पायाला जखम असेल तर, चोवीस ते बहात्तर तासांत डॉक्टरांना भेटावं. लेप्टोसाठी (पुराच्या पाण्यातून होणारा ताप) डॉक्सिसायक्लिन दिलं जातं, पण गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही, म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊन वाटू नका. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आणि पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर 'मी पाण्यातून गेलो होतो' हे डॉक्टरांना आधी सांगा.

साफसफाईआधी फोटो काढा: भिंतीवरच्या ओल्या रेषेसह, शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक खोलीचे. भिजलेल्या उपकरणांच्या मागच्या पाटीवरचा सिरीयल नंबर दिसला पाहिजे. घराचा 'भारत गृह रक्षा' विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. सरकारी मदतीसाठी तहसील कार्यालयाकडून पंचनामा होतो. त्यात पाण्याची उंची, किती तास पाणी होतं आणि वस्तूंची यादी नीट लिहून घ्या, सही करण्याआधी वाचा आणि प्रत मागून घ्या. भाडेकरूंनी स्वतःच्या नावाने वेगळी नोंद करावी, घरमालकाच्या पंचनाम्यात त्यांच्या सामानाची दखल बहुधा राहून जाते.